ठासणीची बंदूक आणि सातबारा

आमच्या घरात बंदूक आहे हे कळलं की पुण्या-मुंबईहून आलेला पाहुणा क्षणभर गप्प होतो. काहीजण विषय बदलतात. माझ्या धाकट्या भावाची मुलगी मात्र स्पष्ट बोलणारी. ती पुण्यात लहान मुलांची डॉक्टर आहे. गणपतीला आली की एकदा तरी म्हणतेच, "काका, सुट्टीत घरात सगळी पोरं असतात. ती बंदूक पोलिसांत देऊन मोकळे का होत नाही तुम्ही?"

या प्रश्नावर चिडून उत्तर देणारे आमच्या वाडीत पुष्कळ आहेत. "तुमका काय कळतला? रात्री कुणग्यात येवन बघा," असं म्हणून ते हात झटकतात. त्यांचा राग खरा आहे. पण समोरच्याला अडाणी ठरवलं की बोलणं तिथंच मोडतं, आणि आमच्याविषयीची शंका होती त्याहून घट्ट होते. जिने गोळी लागलेलं पोर टेबलावर पाहिलं असेल, किंवा पाहावं लागेल या भीतीने जिची झोप उडत असेल, तिला गप्प बसवण्याचा मला काय अधिकार? मी सावंतवाडी तालुक्यात, सह्याद्रीच्या पायथ्याशी राहतो. शाळेत इतिहास शिकवला आणि बरोबरीने भात, नारळ, काजू केला. त्यामुळे माझी पद्धत ठरलेली आहे. आधी परवाना दाखवायचा, मग बंदूक, आणि त्यानंतर ही बंदूक आमच्यापर्यंत कशी आली ते सांगायचं.

परवान्याच्या जुन्या पुस्तिकेवर माझ्या आजोबांचं नाव आणि रत्नागिरीच्या जिल्हाधिकाऱ्यांचा शिक्का आहे. सिंधुदुर्ग जिल्हा झाला १९८१ मध्ये, त्यामुळे वडिलांच्या काळातली नूतनीकरणं ओरोसच्या जिल्हा कचेरीतली. परवाना शेतीसंरक्षणाचा आहे. म्हणजे सातबारा माझ्या नावावर आहे, त्या जमिनीत पीक आहे आणि पिकाला जनावरांचा त्रास आहे, हे दाखवल्यावर मिळालेला. ही बंदूक खांद्याला लावून मी बाजारात जाऊ शकत नाही. परवान्यावर जो मुलूख लिहिलेला आहे, तेवढ्यातच ती चालते.

बंदूक ठासणीची आहे, एक नळीची. तिच्यात काडतूस बसत नाही. नळीच्या तोंडातून मापाची दारू ओतायची, तिच्यावर काथ्याचा किंवा कागदाचा बोळा घालायचा, गजाने ठासायचा, मग छर्रे, पुन्हा बोळा, पुन्हा गज. शेवटी मागच्या निपलवर केप बसवायची आणि घोडा ओढायचा. एवढं केल्यावर एक बार निघतो. दुसरा काढायचा तर सगळं पहिल्यापासून, आणि काळोखात, पावसात, थंडीने आखडलेल्या बोटांनी. पावसाळी हवेत दारू सर्द झाली तर तोही बार उडत नाही. अमेरिकेत २०१२ च्या डिसेंबरात सँडी हूकच्या शाळेत वीस लहान मुलं आणि सहा मोठी माणसं मारली गेली, ती बातमी वाचून माझी पुतणी अनेक दिवस अस्वस्थ होती. मारणाऱ्याच्या हातात क्षणात गोळीमागून गोळी सोडणारी रायफल होती. तिथे शस्त्र बाळगणं हा १७९१ पासून घटनेतला हक्क आहे. आमच्या घरातली वस्तू आणि ती रायफल या दोन्हींना बंदूकच म्हणतात खरं, पण एकीची भीती दुसरीवर लादून केलेलं बोलणं कुठेच पोचत नाही.

आता भाताचं सांगतो. सप्टेंबरच्या शेवटी हळवं भात लोंबी धरतं, दाणा दुधात असतो. रानडुकरांचा कळप नेमका तेव्हा उतरतो. ती खातात थोडं आणि लोळून, उकरून नासवतात जास्त. एका रात्रीत कुणगा, म्हणजे भाताचं खाचर, जमीनदोस्त होतो. गवे आले तर दगडी गडगाही ढासळतो. नारळावर वानर आणि शेकरू, काजूच्या बोंडांवर माकडं. दोडामार्गकडे २००२ पासून कर्नाटकातून हत्ती येऊ लागले, त्यांच्यापुढे आमची बंदूक बिचारी काय करणार! आम्ही बहुतेक वेळा बार हवेतच काढतो. शेतातल्या मांगरातून एक आवाज गेला की शेजारच्या मळ्यातून दुसरा येतो, आणि त्या रात्रीपुरतं रान मागे सरतं. डबे वाजवून, फटाके लावून, जुन्या साड्यांचं कुंपण बांधूनही राखण करतो आम्ही. पण डुक्कर हुशार जनावर आहे. ज्या आवाजामागे काही नाही, तो आवाज त्याला चार दिवसांत कळतो.

इथवर ऐकून घेतल्यावर पुतणी नेहमी विचारते की मग या बंदुकीवर इतकी बंधनं का, इतकी कागदपत्रं का. तिथून इतिहास सुरू होतो, आणि मला तो सांगावासा वाटतो, कारण बंदुकीवर शंका घेणाऱ्यांना तो माहीत नसतो आणि बंदूक बाळगणारे त्यातला अर्धाच सांगतात.

१८५७ च्या आधी आपल्या मुलखात हत्यार ही घरातली वस्तू होती. रामोशी, भिल्ल, बेरड यांच्याकडे गावाची राखण असे. गडकरी गडावर असत. शेतकऱ्याच्या घरी तोड्याची बंदूक असणं नवलाचं नव्हतं. उठाव पेटल्यावर कंपनी सरकारने शस्त्रं नोंदवण्याचा आणि काढून घेण्याचा कायदा केला. त्याचा पहिला मोठा भडका आपल्या शेजारीच उडाला. मुधोळ हे घोरपड्यांचं संस्थान, आज कर्नाटकाच्या बागलकोट जिल्ह्यात. त्यातल्या हलगली गावच्या बेरडांनी हत्यारं द्यायला नकार दिला. शिकार आणि राखण हेच त्यांचं जगणं होतं, हत्यार गेलं की पोट गेलं. नोव्हेंबर १८५७ च्या अखेरीस फौज आली, गावाला आग लावली गेली, आणि पकडलेल्यांपैकी अनेकांना फासावर चढवलं. कानडी मुलखात या लढ्याचे पोवाडे गायले जात, आणि फ्लीट या इंग्रज अभ्यासकाने पुढे त्यातला एक उतरवून छापला. पुढच्याच वर्षी नरगुंदचे संस्थानिक भास्करराव भावे उठले. दत्तक नाकारल्याचा राग तर होताच, पण तोफा आणि शस्त्रं सरकारात जमा करण्याचा हुकूमही त्यांच्या मनात सलत होता. त्यांनाही बेळगावला फाशी झाली.

मी हलगलीचं नाव मुद्दाम घेतो. निःशस्त्रीकरण म्हटलं की आज डोळ्यांपुढे शांतता येते. त्या वेळी ते जिंकलेल्या माणसाच्या भीतीतून झालेलं होतं. रयतेचा जीव वाचावा हा त्याचा हेतू नव्हता.

मग आला १८७८ चा शस्त्रकायदा. व्हाइसरॉय लॉर्ड लिटनने त्याच वर्षी देशी भाषांतल्या वर्तमानपत्रांची मुस्कटदाबी करणारा कायदाही केला. वर्तमानपत्रांचा कायदा पुढच्या व्हाइसरॉयने, रिपनने, चार वर्षांत काढून टाकला, शस्त्रांचा मात्र राहिला. त्यातली जखम अशी की युरोपियन आणि अँग्लो-इंडियन माणसाला परवान्याची गरज नव्हती, आणि ज्याच्या शेतात डुकरं शिरत होती त्या हिंदी शेतकऱ्याला होती. हा भेद पहिल्या महायुद्धानंतरच्या नियमांत काढला गेला. कूर्गचे कोडव मात्र १८६१ पासून या बंधनातून मोकळे होते आणि आजही केंद्र सरकारने त्यांना ती सूट दिलेली आहे. कैलपोळ्द सणाला ते बंदुकीची पूजा करतात. आमच्याकडे खंडेनवमीला कोयता, नांगर आणि बंदूक एकाच पाटावर मांडतात.

या कायद्याने बंड थांबलं का? कायदा झाल्यावर वर्षाच्या आत, १८७९ च्या सुरुवातीला वासुदेव बळवंत फडक्यांनी पुणे जिल्ह्यात दरोडे घालून उठावासाठी पैसा आणि माणसं जमवायला सुरुवात केली. १८९७ च्या २२ जूनच्या रात्री चापेकर बंधूंनी पुण्यात गणेशखिंडीच्या रस्त्यावर प्लेग अधिकारी रँडला गोळी घातली. १९०९ मध्ये नाशिकला कान्हेऱ्यांनी कलेक्टर जॅक्सनवर झाडलेलं ब्राउनिंग पिस्तूल विलायतेहून लपवून आणलेलं होतं. ज्याला हत्यार आणायचंच होतं त्याने ते आणलं. परवान्यासाठी कचेरीच्या पायरीवर बसून राहिला तो शेतकरी.

इथे पुतणी मला बरोबर पकडते. म्हणते, "म्हणजे इंग्रजांचा कायदा वाईट होता म्हणून आजचाही वाईट? चोरून आणणारे आणतातच म्हणून परवानाच नको?"

नाही. आमच्यातले बरेचजण इथेच चुकतात. इतिहास अर्धा सांगतात म्हणालो ते याच जागी. काँग्रेसने १८८७ मध्ये मद्रासच्या अधिवेशनात शस्त्रकायदा बदला म्हणून ठराव केला, पुढच्या वर्षी अलाहाबादेत फिरोजशहा मेहता त्यावर तळमळीने बोलले. गांधीजींनी १९१८ मध्ये खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीसाठी काढलेल्या पत्रकात, सगळ्या राष्ट्राची शस्त्रं हिरावणं हे ब्रिटिश राज्याचं सर्वांत काळं कृत्य ठरेल अशा अर्थाचं लिहिलं. बंदूकवाल्यांच्या सभांत हे नेहमी सांगितलं जातं. त्याच गांधीजींनी १९३० च्या जानेवारीत व्हाइसरॉयपुढे अकरा मागण्या ठेवल्या, त्यांत एक स्वसंरक्षणासाठी शस्त्रपरवाने देण्याची होती, आणि ते परवाने लोकांच्या नियंत्रणाखाली असावेत असं तिच्यातच म्हटलं होतं. हे शेवटचे शब्द मी कुठल्याही सभेत ऐकलेले नाहीत. १९३१ मध्ये कराचीला सरदार पटेलांच्या अध्यक्षतेखाली मूलभूत हक्कांचा ठराव झाला. शस्त्र बाळगण्याचा हक्क त्यात होता, तोही त्यासाठी केलेल्या नियमांच्या आणि निर्बंधांच्या अधीन राहून. जुलमी कायद्याविरुद्ध लढणाऱ्यांनीसुद्धा मोकाट बंदूक कधी मागितली नव्हती.

आणि मग डिसेंबर १९४८, घटना समिती. हरि विष्णू कामत यांनी दुरुस्ती मांडली की मूलभूत हक्कांत शस्त्र बाळगण्याचा हक्क घाला. त्यांनी कराचीच्या ठरावाची आठवण दिली. बाबासाहेब आंबेडकरांनी उत्तर दिलं. देशावर संकट आलं तर शस्त्र हाती धरणं हे नागरिकाचं कर्तव्य ठरेल, महत्त्व त्या कर्तव्याला आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. हा सरसकट हक्क घटनेत लिहिला तर चोर आणि पाकीटमारही तो मागतील, आणि राज्याला त्यांना आवर घालता येणार नाही, हेही त्यांनी सांगितलं. दुरुस्ती फेटाळली गेली. वर्गात हा भाग शिकवताना मी कामतांची बाजू पूर्ण मांडत असे, कारण ती कमकुवत नव्हती. सत्तर-पाऊणशे वर्षं ज्या अपमानाविरुद्ध आपण बोललो, तो स्वातंत्र्यात धुऊन निघावा असं कुणाला वाटणार नाही? पण माझा कौल आंबेडकरांना आहे, माझ्या घरात बंदूक असूनही. ती माझा हक्क नाही. माझ्या कामासाठी सरकारने माझ्यावर विश्वास टाकून दिलेली ती परवानगी आहे, आणि तो विश्वास मी मोडला तर ती काढून घेतली पाहिजे.

१९५९ चा शस्त्रकायदा या समजुतीवर उभा आहे, आणि तो बारकाईने वाचला तर त्यात शेतकऱ्याची जागा दिसते. परवाना कुणाला द्यावा हे सांगणाऱ्या कलमात पिकाच्या खऱ्याखुऱ्या संरक्षणासाठी लागणाऱ्या ठासणीच्या बंदुकीचा वेगळा उल्लेख आहे. पिस्तूल, रायफल यांचा विचार वेगळा केला आहे, त्यांच्यासाठी सबळ कारण दाखवावं लागतं. २०१६ च्या नव्या नियमांनी प्रशिक्षण, वैद्यकीय दाखला आणि शस्त्र सुरक्षित कुलपात ठेवण्याची जबाबदारी या गोष्टी आणल्या. २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाकडे जास्तीत जास्त दोनच शस्त्रं राहू दिली, पूर्वी तीन चालत, आणि लग्नात-मिरवणुकीत हवेत गोळ्या झाडणं हा स्वतंत्र गुन्हा केला. हे सगळं मला मान्य आहे. शहरात कमरेला पिस्तूल लावून मोटारीतून उतरणाऱ्याबद्दल माझ्या पुतणीला जी शंका येते, तीच मलाही येते. त्या पिस्तुलाने कुणाचंही भात राखलं जात नाही.

शंका घेणाऱ्यांच्या आणखी दोन गोष्टी खऱ्या आहेत, त्या मी दडवत नाही. शेतीसंरक्षणाच्या बंदुकीने शिकार होते. पूर्वी गावची पारध ही मानाची गोष्ट होती, होळीनंतर अख्खी वाडी रानात जाई. १९७२ चा वन्यजीव कायदा आल्यावर ती बंद व्हायला हवी होती, पण चोरून चालू राहिली. त्यातूनच दर काही वर्षांनी बातमी येते की रात्री रानात जनावर समजून माणसावर बार झाला. असा माणूस ओळखीचा असला की गाव त्याला पाठीशी घालतं. हे थांबलं पाहिजे, आणि ते परवानाधारकांनीच थांबवलं पाहिजे. जो रात्री बॅटरी लावून भेकरामागे जातो, त्याच्यामुळे उद्या माझ्या मळ्यातली बंदूक जाणार आहे. पिकाची नासाडी करणारं रानडुक्कर मारायला महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये वनखात्याच्या परवानगीने वाट करून दिली आहे. ती वाट खडतर असेल, तर ती सोपी करून मागावी. ती सोडून काळोखातली वाट धरू नये.

दुसरी गोष्ट घरातली. कर्ज, दारू, भांडण, मनाचा आजार यांतलं काहीही ज्या घरात आलं, तिथे बंदूक असणं धोक्याचं आहे, मग ती ठासणीची का असेना. म्हणून कापणी संपली की आमची नळी रिकामी करून, तेल लावून कुलपात जाते, आणि दारू व केपा दुसऱ्या खोलीत दुसऱ्या कुलपात. किल्ली मुलांच्या हाती लागेल अशा जागी नसते. पुतणीने विचारलं तेव्हा मी तिला हे उघडून दाखवलं. तिने डॉक्टरच्या नजरेने सगळं तपासलं आणि केपांची जागा बदलायला लावली, ती मी बदलली. तिचा विरोध अजून आहे. पण आता ती कुलपाबद्दल विचारते, परवान्याच्या तारखेबद्दल विचारते, आणि मला तो विरोध हवासा वाटतो.

माझी स्वतःची तक्रार एकच आहे, निवडणुकीची. आचारसंहिता लागली की परवानाधारकांना बंदुका पोलीस ठाण्यात जमा करायला सांगतात. गावात दंगा होऊ नये हा हेतू योग्यच आहे. पण विधानसभेचं मतदान २०१४ ला १५ ऑक्टोबरला झालं, २०१९ ला २१ ऑक्टोबरला, २०२४ ला २० नोव्हेंबरला. म्हणजे भात पिकतं आणि कापलं जातं, त्याच दिवसांत. लोकसभेची निवडणूक काजू-आंब्यात. मुंबई उच्च न्यायालयाने सरसकट सगळ्यांची शस्त्रं जमा करून घेणं चूक ठरवलेलं आहे, आणि निवडणूक आयोगाच्या सूचनांप्रमाणे जिल्ह्यात छाननी समितीने एकेका परवान्याचा विचार करायचा असतो. जामिनावर सुटलेले, गुन्ह्यांची नोंद असलेले, पूर्वी दंगलीत सापडलेले यांची शस्त्रं आधी घ्यावीत, असा त्या सूचनांचा रोख आहे. प्रत्यक्षात समितीपुढे वेळ थोडा असतो आणि नोटिसा पुष्कळ निघतात. ज्याच्यावर एकही गुन्हा नाही असा सत्तरीतला शेतकरी गज आणि नळी घेऊन एसटीने ठाण्यात जातो, पावती घेतो, आणि परत येऊन मांगरात डबा वाजवत बसतो.

म्हणून दोघांना सांगणं आहे. जिल्हा प्रशासनाने शेतीसंरक्षणाच्या परवान्यांची छाननी निवडणूक जाहीर होण्याची वाट न पाहता पावसाळ्याच्या सुरुवातीलाच करून ठेवावी, आणि ज्याची नोंद स्वच्छ आहे त्याची बंदूक कापणीपर्यंत मळ्यात राहू द्यावी. आणि ज्यांना घरातल्या बंदुकीची भीती वाटते त्यांनी गप्प बसू नये. परवाना मागून बघा, कुलूप बघा, दारू कुठे ठेवली आहे ते विचारा. जो बंदूकवाला हे दाखवायला तयार नसेल, त्याच्याबद्दल ठाण्यात जाऊन सांगा. मी तुमच्या बाजूने उभा राहीन.